लाकडी घोडा, पितळी कडी आणि माझा उजवा हात

आदरणीय याद्विगाताईस, धाकट्या काझिमिरचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. हल्ली उजव्या हातात घरातसुद्धा लोकरी हातमोजा घालावा लागतो, आणि त्यात पेन धरलं की ओळी घसरगुंडीला लागतात. (हातमोजा का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? क्लीव्हलंडच्या त्या डॉक्टरवर फार विसंबू नकोस. फार हसतो तो माणूस.

तर आपले बाबा ज्या कारखान्यात मेरी-गो-राउंडचे लाकडी घोडे घासून गुळगुळीत करायचे, त्याचं आता म्युझियम झालंय. जुन्या कामगारांच्या मुलांना एका रविवारी बोलावलं होतं. मला जायचं नव्हतं, तिथे जिने असतील असं वाटत होतं, पण ब्रोन्या बायकोच्या हक्काने म्हणाली, "घरात बसून कुरकुरतोस ते तिथे जाऊन कुरकुर." गेलो. (जिने होतेच.) घोडे रांगेत उभे केलेत, काही रंग खरवडलेले, काही बिनशेपटीचे. लोकांना दिसते त्या बाजूला काचेचे खडे, फुलं, झालरी. आतल्या बाजूला नुसता रंग. (बाबा आतल्या बाजूवरही तेवढाच वेळ घालवायचे आणि मुकादमाच्या शिव्या खायचे.) एक घोडा दातांमुळे थेट आपल्या थडेऊशमामासारखा दिसतो. मी तसं म्हटलं, तर ब्रोन्या म्हणाली, "घोडा निदान सरळ उभा तरी राहतो."

मागच्या दालनात अशा घोड्यांचं एक चक्र अजून फिरतं. ते चालवतात हॉवर्ड टटल नावाचे गृहस्थ. त्यांनी मला बाहेरच्या रांगेतल्या घोड्यावर चढवलं, पट्टा आवळला, आणि उतरायचं कसं ते सांगितलं नाही. कड्यांचा खेळ आपल्या लहानपणीसारखाच आहे. भिंतीतून एक लाकडी हात पुढे आलेला, त्यात कड्या. घोडा जवळून जाताना एक ओढायची. लोखंडी निघाली तर समोरच्या लाकडी सिंहाच्या तोंडात फेकायची, पितळी निघाली तर पुढची फेरी फुकट.

आता आपण पोलिश माणसं लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतो. गावातले बाकी सगळे डाव्या हातात घालतात, आणि चक्र असं फिरतं की कडी उजव्या हातानेच ओढावी लागते. त्यात या हिवाळ्यातल्या आजारपणाने माझी बोटं वाळलीत. मी ओढत होतो, फेकत होतो, ओढत होतो, फेकत होतो. पितळी काही आली नाही. रात्री सूप प्यायला चमचा उचलला तेव्हा पाहिलं, अंगठीचं बोट उघडं.

ब्रोन्याला सांगितलं नाही. संधिवात म्हणालो आणि हातमोजा चढवला. ती रोज मलम आणून देते, मी न्हाणीघरात दार लावून थोडं मोरीत पिळतो आणि लावल्यासारखं करतो. घरभर कापराचा वास आहे, मांजर शेजारी राहायला गेलंय. पण येत्या रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, आणि फादर झिग्मुंट चर्चमध्ये सगळ्यांसमोर आमच्या अंगठ्यांना पुन्हा आशीर्वाद देणार आहेत. हातमोजा घालून उभं राहिलं तर चालेल का, असं आडून विचारलं. फादर म्हणाले, "काझिमिर, देवाच्या घरात हीटर आहे."

शेवटी टटलांकडे गेलो. ते म्हणाले, "आजोबा, सिंहाच्या पोटातून निघतं ते मी तसंच परत लाकडी हातात भरतो. परवा एका बाईंच्या हाती पिवळी कडी लागली खरी. फुकट फेरी मागत होत्या. मी म्हटलं, बाई, हे सोनं आहे. नियम पितळेचा आहे."

"आणि अंगठी?"

"घेऊन गेल्या. म्हणाल्या, जिच्या हाती लागली तिची."

"कोण होत्या?"

"मी चेहरे बघत नाही आजोबा, कड्या बघतो. पण रागावल्या होत्या."

बाकी इकडे सर्व ठीक.

तुझा,
काझिमिर

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. झेनोनभावजींची अंगठी तू कपाटात ठेवलीयस. त्यांचीही बोटं आजारापूर्वीच्या माझ्या बोटांसारखी जाडच होती, मापाने फरक कळणार नाही. शनिवारपर्यंत पोचेल अशी धाड, मोज्यात गुंडाळून. ब्रोन्याला फोनवर अवाक्षर बोलू नकोस.

आणखी ता. क. : ताई, झेनोनभावजींची अंगठी धाडू नकोस. मी पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ब्रोन्या समोर येऊन बसली आणि तिने हात टेबलावर ठेवला. तिच्या हाताच्या अंगठ्यात माझी अंगठी. सूप पितानाच तिला सगळं दिसलं होतं. चर्चचा हॉल झाडायला जाते असं सांगून ती दुखऱ्या कमरेने त्या घोड्यावर बसून, अंगठी हाती लागेपर्यंत कड्या ओढत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "तू सांगशील म्हणून वाट बघत्ये. मलमाची ट्यूब संपत आली." रविवारच्या आत मी माझ्या तोंडाने 'हरवली' म्हणालो तर अंगठी मिळेल, नाहीतर ती दोन्ही घालून फादरांपुढे उभी राहणार आहे. दोनदा सांगायला बसलो. पण जिला सगळं माहीत आहे तिला सुरुवात कुठून करून सांगायचं? दोन्ही वेळा हवेविषयी बोलून उठलो. तू तिला माझ्याआधीपासून ओळखतेस. काय म्हणायचं ते दोन ओळीत लिहून पाठव, मी पाठ करीन. पण रविवारच्या आत, ताई. उशीर करू नकोस.