दिवस मावळंना, पोरगी झोपंना

ता. ५ जून
नात वीस दिवसांची झाली. दिवसा धोंड्यासारखी झोपते, रात्री डोळे टकटक. सुनेनं, मृणालनं, आज दूध तापत ठेवलं आणि उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला. दूध उतू. शेगडी मी पुसली. काही बोलले नाही. थोडं बोलले.
खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिच्या आईचा गुडघा बदललाय, म्हणून माझं विमानाचं तिकीट काढलं. पोरगा, सच्या, म्हणाला, "आई, तू चौघांना वाढवलंस, तुला जमंल." दहा दिवस झाले येऊन. जमंना.

ता. ७
सरकारी नर्सबाई घरी आली होती. लेकरू उताणं झोपवा, पाळण्यात काही ठेवू नका. बार्शीवरून आणलेली मोहरीची उशी परत पिशवीत. म्हणलं, डोकं चपटं झालं तर? मृ. नं इंग्रजीत विचारलं. बाई हसून म्हणाली, ग्रँड. इथं पाऊस आला तरी ग्रँड, म्हणजे झकास.
जाताना कागद दिला. पोरगी कधी झोपली, कधी उठली, लिहायचं. म्हणलं मी लिहिते. चौथी पास आहे, आकडे येतात.

ता. ८
इथला सूर्य बिनघरचा. सच्या सँडीफोर्डच्या हापिसातून येतो, जेवतो, भांडी घासतो, तरी ऊन. दिव्यात तेल घालून बसले. दहाला कुठं तांबडं झालं, तवा दिवा लावला.
तिन्हीसांजेला लेकरू झोपू द्यायचं नसतं. लक्ष्मी दारातनं परत जाते. घरातल्या सगळ्या लायटी लावल्या, पोरीला उचललं, तळव्यांना गुदगुल्या केल्या. मृ. आडवी झाली होती, तिलाबी उठवलं. तोंड वाकडं. साडेअकराला नीट अंधार पडला, म्हणलं झोपा आता.
पोरगी कसली झोपते. दोन वाजले.

ता. १०
सच्यानं कागद वाचला. बराच वेळ वाचला.
"आई, रोज दहा ते साडेअकरा जागी. ही तर तुझी दिवेलागण."
म्हणलं, मग सूर्याला सांग लौकर जायला.
मृ. हसली नाही. म्हणाली, "आई, मला एक रात्र झोपू द्या. बाकी काही नको."
भांडली असती तर बरं होतं. उत्तर देता आलं असतं.

ता. ११
नर्सबाईचा फोन. दिवसा पडदे उघडे, घरात आवाज चालू दे. सातनंतर पडदे बंद, उजेड बारीक, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. कुणी म्हणजे मी.
बरं. आणि लक्ष्मीचं काय?
सच्या म्हणतो, "तुझी लक्ष्मी बार्शीची. तिथं सात वाजतात तेव्हा इथं दुपारचे अडीच. तेव्हाच येऊन जाते ती."
आगाऊ कार्टं. पण हिशेब बरोबर आहे, बोटावर मोजून बघितलं.

ता. १२
दुपारी अडीचला दिवा. भर उन्हात. लायटी लावल्या, पोरीला उठवलं, गुदगुल्या. तासभर जागी, माझ्याकडं सावकारासारखी बघत होती.
सातला पडदे. साडेआठला झोपली, मागोमाग मृ. पण. दहाला बाहेर तिन्हीसांज, आत सून आणि नात दोघी आडव्या. जीव खालीवर. पण उठवलं नाही. कुकर लावला नाही, शिट्टी होईल. सच्या न् मी ब्रेडला लोणचं लावून खाल्लं, कुजबुजत.
एकला उठली, पिऊन परत झोपली.

ता. १४
काल परत दोनपर्यंत गोंधळ. मृ. म्हणते, रोज जमेलच असं नाही. मला धीर देते का स्वतःला, कोण जाणे.
आज नऊला झोपली. मृ. मांडी रिकामी ठेवून जेवायला बसलीय, मी आल्यापासून पहिल्यांदा. आत चुळबूळ झाली. मी उठले.
"आई, बसा. झोपेतही कुरकुरतात बाळं. पाच मिनिटं बघू."
पाच मिनिटं. माझ्या चार पोरांच्या वेळी मी पाच श्वास थांबले नाही.
हाताला काम म्हणून वही घेतली. कुरकुर चालूच. मृ. चं अर्धं लक्ष दारात, पण दुसरी पोळी घेतली तिनं. मी उठले की ती ताट सोडणार. दोन मिनिटं झाली. पाय आपोआप खाली येतो, परत वर घेते.
चार झाली.