निंबाचे लूम आणि हिरवा ठिपका

शनवारा, बऱ्हाणपूर
बुधवार, दुपार

चि. अरविंद यास देवराममामाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, ताईचे गुडघे आणि पुण्याची हवा ही तिन्ही ठीक असतील असे धरून चालतो. इकडे मी खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात लिहायचेच असते, म्हणून लिहिले.) फोन सोडून पत्र कशाला, असे तू म्हणशील. फोनवर मला धीर होत नाही, आणि कागद मध्येच "बरं मामा, ठेवतो" म्हणत नाही.

विषय तुझ्याच कामाचा. दिवाळीत तू समजावलेस, की कॉम्प्युटरला बराच वेळ कोणी हात लावला नाही की तो झोपतो, पण एक कान उघडा ठेवतो. कळ दाबली किंवा माऊस हलला की त्याला उठवायचे, आणि उठवणारी ती कळ अक्षर म्हणून उमटू द्यायची नाही. याला तुम्ही ड्रायव्हर लिहिणे म्हणता. (ड्रायव्हर मी हजार पाहिले, लिहिलेला एकही नाही.) अरे, चांदनी स्टेशनात एकतीस वर्षे मी दुसरे काय केले? शेजारच्या स्टेशनला आधी घंटेचा एक टोला द्यायचा, तो नुसता जागे करायला. तिकडून उलट टोला आला की मग गाडीचा निरोप. पहिल्या टोल्यात निरोप नसतो, पण त्याच्यावाचून पुढचे काहीच होत नाही.

तर सुरेशने टोरांटोहून पाठवलेला कॉम्प्युटर मी भिंतीलगतच्या टेबलावर मांडला, आणि भिंतीपलीकडे आमच्या शेजारच्या निंबाचे चार पॉवरलूम. ते सुरू झाले की टेबल थरथरते, माऊस सरकतो आणि कॉम्प्युटर डोळे उघडतो. मला वाटायचे, पोरगाच बोलावतोय. मी लगबगीने चष्मा लावायचा, केस विंचरायचे, बनियनवर सदरा चढवायचा आणि समोर जाऊन बसायचे. पडद्यावर नुसता डोंगर. दिवसातून बारा वेळा सदरा चढवणारा माणूस शनवाऱ्यात दुसरा नसेल. माऊस गोधडीवर ठेवून पाहिला, उलटा निजवला, तर तो छतावरच्या पंख्याकडे बघून उठू लागला! निंबाला म्हटले, बाबा, लूम पलीकडच्या भिंतीला घे. "बाबूजी, पेट का सवाल है," म्हणाला, फार हळहळला, संध्याकाळी मावा जलेबी पाठवली आणि लूम होते तिथेच ठेवले.

आता खरे दुखणे ऐक. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा सुरेश दर रविवारी फोन करायचा. हा आला आणि रविवार बंद पडले. संक्रांतीला मीच लाज सोडून विचारले, तर म्हणतो, "बाबा, तुमच्या नावापुढे दिवसभर हिरवा ठिपका असतो ना. तो दिसला की मला बरं वाटतं." म्हणजे आठ महिने माझी खुशाली निंबाचे लूम कळवत होते, आणि मी इकडे सदरा घालून बसलो होतो! हसून घे. मला मात्र त्या दिवशी फार एकटे वाटले रे. तुझी मामी कमल गेली तेव्हा निदान घर माणसांनी भरलेले होते.

मागच्या सोमवारी तू फोनवर ती यादी उघडायला लावलीस, झोपलेल्या यंत्राला उठवायचा हक्क कोणाकोणाला आहे त्याची. माऊसपुढची खूण मी काढली आणि काम फत्ते. तिकडे लूम धडधडताहेत, इकडे कॉम्प्युटर ढिम्म. तुझी तारीफ मी पानवाल्यापर्यंत केली. पण त्याबरोबर ठिपकाही विझला, हे माझ्या लक्षात आले नाही. गुरुवारी सकाळी सुरेशचा फोन. "बाबा, आहात ना?"

चाळीस मिनिटे बोललो. भाजी कसली केली तेसुद्धा त्याने विचारले. (गिलकी. त्याला आवडत नाही, तरी कशी केली ते ऐकून घेतले.) शनिवारी पुन्हा फोन, काल पुन्हा. मी एवढेच सांगितले, की मशीन हल्ली झोपून असते.

ताईला नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव म्हणावे.

तुझा मामा,
देवराम

ता. क. सुरेश तुला फोन करणार आहे, ठिपका परत आणता येईल का ते विचारायला. तू म्हण, येत नाही. काहीतरी मोठे तांत्रिक कारण सांग. पत्र एवढ्यासाठीच लिहिले.

आणखी ता. क. वरचे खोडणार होतो. एकतीस वर्षांत मी कधी खोटा सिग्नल दिला नाही, आणि या वयात तुला द्यायला लावतो आहे. त्याने विचारले तर खरे सांग, खूण परत लावून दे. मग मात्र अधूनमधून तूच एक टोला देत जा. पुढे निरोप नसला तरी चालेल. सदरा मी घालूनच बसलेला असतो.