चाळ नव्हे, चाळण

मी, सौ. चिमणाबाई हंबीरराव इंगवले, वय एकाहत्तर, राहणार कोल्हापूर, स्वतःच्या ओसरीवर बसून, चहा पिऊन, कुणाचाही दाब नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर येऊन बोलावे. माझे पती हयात असून माझ्या पाठीमागे उभे राहून शुद्धलेखनाच्या चुका काढत आहेत.

याआधी टाइप करून घेतलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात "माझ्या मालकीची, परड्यातील चाळण" असे हवे होते. वकील विजयसिंह यांच्या टायपिस्टने "ण" गिळला आणि "माझ्या मालकीची, परड्यातील चाळ" असे छापले. ह्यांनी चष्मा न लावताच त्या कागदाचा फोटो भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ह्यांचा पुतण्या केरबा गडहिंग्लजहून केळी घेऊन दारात हजर! आमच्या राजवर्धनच्या लग्नात फेटा बांधायचा राहिला म्हणून हाच केरबा मांडवातून उपाशी निघून गेला होता. तेव्हापासून त्याने आमच्या घरचे पाणीसुद्धा घेतले नव्हते.

"काकी, चाळ कुठं हाय? खोल्या किती हाईत?"

"खोल्या न्हाईत रं, भोकं हाईत. मोजत बस जा," मी म्हटले.

पुन्हा असा घोळ नको म्हणून सदर वस्तूचे वर्णन सविस्तर देते. एकवीसच्या पुराने आमच्या परड्यात गुडघाभर गाळ आणून टाकला. त्यात विटांचे तुकडे, काचा आणि कुणाची तरी एकच चप्पल. राजवर्धन पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, सगळं उचलून टाकू आणि वर पेव्हिंग ब्लॉक घालू. गाडी लावायला जागा हुईल." त्याची गाडी येते दिवाळीला आणि गणपतीला. मेथी-कोथिंबीर मला रोज लागते. नदीने दारात आणून टाकलेली माती फेकायची म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला लाथ मारणे आहे. मी फोन ठेवला आणि पदर खोचला.

आधी जुन्या खिडकीच्या चौकटीला जाळी ठोकून पाहिली. दोन घमेली चाळली आणि कंबर धरली. मग ह्यांच्या सायकलची दोन्ही चाके काढली. त्यांच्याभोवती अर्ध्या इंचाची जाळी गुंडाळून पिंप केले, मधून पाइप घातला, गल्लीतल्या वेल्डरकडून चार टाके मारून घेतले आणि ते सगळे लोखंडी खाटेच्या सांगाड्यावर टेकवले. फिरवायला सायकलचेच पायडल. खाटेच्या एका बाजूला पायांखाली विटा दिल्या, म्हणजे उतारावरून खडे घरंगळत पुढच्या घमेल्यात जातात आणि माती खाली पडते. सायकल कैक वर्षे भिंतीला टेकून होती, पण चाके निघाल्याबरोबर ह्यांना एकाएकी रंकाळ्यावर फिरायला जायची हौस आली.

"आगं, म्हातारपणी ह्ये काय चाळं मांडलंयस?"

"चाळंच की! माती चाळतोय."

पहिल्या दिवशी मी ओलाच गाळ आत लोटला. तो जाळीला असा लिंपून बसला की खराट्याने खरवडावा लागला. ह्यांना हसून हसून ठसका लागला. म्हणून वारसांना ताकीद आहे की गाळाने चार उन्हे खाल्ल्याशिवाय तो चाळणीत घालू नये. पण वाळलेली माती जेव्हा पहिल्यांदा झरझर खाली पडली, तेव्हा, काय सांगू, मी सायकलची घंटी वाजवत परडेभर नाचले. सगळ्या गल्लीने पाहिले. पाहू दे.

आता वाटणी.

राहते घर माझ्यामागे मुलगा राजवर्धन याला मिळावे. त्यात राहण्याचा ह्यांचा हक्क ह्यांच्या हयातीपर्यंत अबाधित राहील.

परडे व चाळण मात्र सून राजनंदिनी हिला, वेगळे. ती शिरोळची पोर, कृष्णाकाठची. दिवाळीत रंगवलेल्या नखांसकट पायडलला भिडली आणि मी ऊठ म्हटले तर म्हणते कशी, "आई, थांबा की, अजून एक घमेलं!" परड्यात पेव्हिंग ब्लॉक घालायचे झाल्यास राजवर्धनने तिची लेखी परवानगी घ्यावी. ती मिळणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

सायकलची घंटी ह्यांना परत द्यावी. पुरे आता ते टोमणे.

पुतण्या केरबा यास या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. यात राग नाही. उलट, चाळण बघून हा पठ्ठ्या परतीची एसटी धरेल असे वाटले होते, तर त्याने शर्ट खुंटीला अडकवला आणि उरलेला ढीग चाळूनच पानावर बसला. वर म्हणतो, "चाळ न्हाई ते बरं झालं, काकी. भाडेकरू लय तरास देत्यात." पण वकील म्हणतात, साक्षीला असा माणूस हवा ज्याला यातून काही मिळत नाही. बाकी सगळ्यांना काही ना काही देऊन झाले. उरला केरबा.

हे वाचून दाखवल्यावर त्याचे तोंड पुन्हा त्या मांडवातल्यासारखे झाले. "म्हंजे हितंबी मी रिकामाच व्हय?"

मेल्यावर देता येत नसले तरी जितेपणी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. मी वकिलांना दोनदा विचारले. म्हणून सह्या होण्यापूर्वी, माझ्यासमक्ष, ह्यांनी लग्नात राहिलेला फेटा आज केरबाच्या डोक्याला बांधला आहे. शेमला जरा वाकडा आलाय. केरबा म्हणतो, चालतंय.

वरील मजकूर मी वाचला, मला कळला, मला पटला.

स्थळ: कोल्हापूर, परड्याकडची ओसरी
दिनांक: १२ जानेवारी २०२५

लिहून देणार: सौ. चिमणाबाई हंबीरराव इंगवले

साक्षीदार:
१. विजयसिंह घोरपडे, वकील ("ण" बद्दल दिलगीर)
२. केरबा दत्तू इंगवले, राहणार गडहिंग्लज (फेटा बांधून, जेवून सही केली)