शेगडीच्या जागी कॉफी

रविवार, ४ तारीख
सकाळी साडेदहा

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील असं लिहिणार होतो, पण तुझ्या पाठीचं मला ठाऊक आहे. उभ्याने वाचत असशील तर आधी बस. भाऊजींना नमस्कार. आईला सांग, ढब्बूचं पत्र आलंय आणि अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे.

फोन करत नाही म्हणून तू रागावली आहेस. फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, आवाज ऐकतेस, आणि मग उलटतपासणी सुरू होते. शिवाय आईला फोनवर धड ऐकू येत नाही. पत्र मात्र ती दोनदा वाचून घेते. म्हणून पत्र.

तर बातमी अशी की मी स्वयंपाकघरात कॉफीबार केला आहे. हसू नकोस. माझं स्वयंपाकघर म्हणजे चार पावलं लांब आणि दोन्ही हात पसरले की रुंदी संपली. ओटा साडेपाच फूट, त्यातला दीड फूट बेसिन खातं. सुतार दारातच थांबून म्हणाला, “साहेब, आत मी उभा राहू की तुम्ही?” मग मी बाहेर थांबलो. त्याने भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या. वरच्या फळीवर बियांच्या बरण्या, खालच्या फळीला कप टांगायला आठ हूक. ओट्याच्या उजव्या टोकाला यंत्र, त्याला खेटून ग्राइंडर, खाली एक खण. खणात वजनकाटा, चमचे, फडकी. आधी दूध फेसाळायची नळी भिंतीला लागत होती, म्हणून यंत्र फिरवलं. मग पाणी भरायला हात जाईना, म्हणून परत फिरवलं. आठवड्यात तीन वेळा जागा बदलली. आत्ता हे वाक्य लिहिता लिहिता उठलो आणि ग्राइंडर दोन बोटं डावीकडे सरकवून आलो. तिथेही बरा दिसत नाही.

एकट्या माणसाला आठ कप कशाला, असं तू विचारशील. वीस वर्षं कंपनीत रोज पन्नास-पन्नास कप कॉफी चाखून गुण देणाऱ्याला समोर एकच कप दिसला की भकास वाटतं. एवढंच.

उजव्या टोकाला पूर्वी शेगडी होती. ती काढून टाकली. जागाच नव्हती.

चोवीस तारीख लक्षात आहे. शनिवारी दुपारी तुझ्याकडे पोचतो, रविवारी आईला घेऊन परत. सत्तावीसला तू निर्धास्तपणे ऑपरेशनला जा. खिडकीजवळची खोली आईसाठी रिकामी केली आहे. गेल्या वर्षीसारखं होणार नाही.

घाईत आहे, दूध आणायचं आहे.

तुझा धाकटा भाऊ


बुधवार, १४ तारीख
दुपारी, गोदामात, डबा खाऊन झाल्यावर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. नमस्काराच्या आधीच तू विचारलंस, “शेगडी काढलीस तर आईला काय कॉफीवर जगवणार आहेस का?” तेव्हा मीही आधी उत्तर देतो आणि नमस्कार मागून करतो. इंडक्शन आणलं आहे. वर्तमानपत्राच्या घडीएवढं आहे, खणात राहतं. वरण, भात, भाजी, सगळं होतं त्यावर. भात दोनदा करून पाहिला. पहिला लागला, दुसरा बरा झाला.

पहिला लागला तो मला धूर दिसल्यावर कळला. असो.

दुसरं म्हणजे, तू माझ्या ऑफिसात फोन केलास. तिथली मुलगी “ते आता गोदामात असतात” म्हणाली आणि तुझं डोकं फिरलं. अगं, बदली आहे. वीस वर्षं एकच काम करून माणूस गंजतो. इथे मी पोती मोजतो, ओलावा मोजायचं यंत्र पोत्यात खुपसतो, आकडा लिहितो. दर दोन तासांनी घड्याळ बघून फेरी मारायची. शांत काम आहे. शांत म्हणजे, बसवत नाही इतकं शांत. दिवसभर पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरतो. फेरी दोन तासांनी असते, मी पाऊण तासातच निघतो. इथला मुकादम काल म्हणाला, “साहेब, पोती पळून जाणार नाहीत.”

आता आईचं. ती यायला नाही म्हणते आणि कारण सांगत नाही, असं तू लिहिलंस. ताई, खरं सांगतो. ते वाचल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. पत्र हातात धरून मी अक्षरशः खुर्चीत सैल पडलो. मग तुझा पुढचा परिच्छेद वाचला, की ती आली नाही तर ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलावं लागेल आणि डॉक्टर म्हणतात आता डावा पाय बधिर व्हायला लागलाय. माझी मलाच लाज वाटली. त्यानंतर घरी गेलो आणि ओटा तीन वेळा पुसला. तो स्वच्छच होता.

आईला नीट विचार. तिचं घोडं कुठे अडलंय ते कळायला हवं. माझ्या हातचं जेवण नको असेल तर मी डबा लावीन. खोली नको असेल तर दुसरी देतो, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. उत्तर लगेच टाक. मी येणार हे नक्की आहे.

मुकादम हाक मारतोय.

तुझा भाऊ


रविवार, १८ तारीख

प्रिय ताई,

तुझी चार पानं काल मिळाली. सकाळपासून हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं. आता फाडायला कागद उरला नाही, म्हणून हेच जाईल.

तू लिहिलंस, आईचं अंथरूण हल्ली ओलं होतं. ती सांगत नाही. चादर घडी करून कपाटामागे सारते आणि कोरडी आपली आपण घालते. तुला वासावरून शोधून काढावी लागते, नाहीतर तिची कातडी सोलवटते. गेल्या महिन्यात जखम झाली होती, हे मला आत्ता कळतंय. आणि शेवटी तू तिचे शब्द जसेच्या तसे लिहिलेस: “ढब्बूकडे नको. त्याचं नाक फार तिखट. दारातूनच कळेल त्याला. लेकीचं वेगळं असतं. त्याला काय ते लिहून कळव, मला तोंडाने सांगवणार नाही.” त्याखाली तुझी ओळ: “तुला एक बरं आहे, तिला विचारावं लागणार नाही. तुझं तुलाच कळेल.”

ताई, मला कळणार नाही.

मला वास येत नाही. थंडीत तो ताप आला होता ना, त्यानंतर गेला. पाच महिने झाले. कांदा, साबण, रॉकेल, काही नाही. डॉक्टर म्हणतात येईलही, नाहीही येणार.

दोन महिने मी कामावर ताकास तूर लागू दिली नाही. माझ्यासोबत कॉफी चाखणाऱ्या बाई आहेत, तुला मागे सांगितलं होतं, अठरा वर्षं आम्ही एका टेबलाशी उभे. कप बिघडलेला असला की त्यांची डावी भुवई वर जाते. मी कपाकडे बघायचं सोडून भुवईकडे बघायला लागलो. त्या चमचा ठेवीपर्यंत थांबायचो, मग माझे गुण लिहायचो. एक दिवस त्या रजेवर होत्या. ज्या मालाची पोती बुरशीने भरलेली होती त्याला मी “उत्तम, स्वच्छ” लिहून सही केली. माल परत आला. साहेबांनी सगळ्यांसमोर एक कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, “नुसता वास घेऊन सांगा, काय आहे यात?” मी म्हणालो, कॉफी. ते कोमट पाणी होतं, काळ्या कपात. काढून टाकलं नाही हे त्यांचे उपकार. नाक मुठीत धरून गोदामात गेलो.

आणि शेगडी जागेसाठी काढलेली नाही. एका सकाळी दूध उतू जाऊन आच विझली. मी शेजारीच उभा राहून बिया दळत होतो, त्या आवाजात काही कळलं नाही. शेजारच्या बाईंनी दार बडवलं. पदर नाकाला लावून त्या ओरडल्या, “अहो, झोपलात की काय? जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय.” मी म्हणालो, सर्दी झालीये. दुसऱ्या दिवशी शेगडी काढायला लावली. ओट्यावर ती रिकामी जागा बघवेना, आणि कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं होतं, म्हणून तिथे कॉफीबार केला. भिंतीला पोपडा आला की तिथे कॅलेंडर लावतात, तसा.

खोटं कशाला बोलू, थोडी आशाही होती. रोज सकाळी आठ कप भरतो. सातात गरम पाणी, एकात कॉफी. फिरत्या ताटलीवर ठेवतो, डोळ्यांना फडकं बांधतो, ताटली फिरवतो आणि कॉफी कुठली ते वासाने ओळखायला बघतो. कधी जुळतं. आठात एकदा कोणाचंही जुळेल. ज्या दिवशी जुळतं त्या दिवशी मी दिवसभर खुळ्यासारखा उड्या मारतो, दुसऱ्या दिवशी परत पाणी उचलतो.

तू आता काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. “आली याची नवी सबब.” गेल्या वर्षी ऑफिसचं ऑडिट होतं, त्याआधी घराला रंग द्यायचा होता. दोन्ही थापा होत्या, ताई. मला आईला सांभाळायची भीती वाटत होती, एवढंच खरं होतं. माझ्या थापेमुळे तू ऑपरेशन पुढे ढकललंस आणि आणखी एक वर्ष वाकून तिला उचललंस. लांडगा आला रे म्हणणाऱ्या पोराचं माझं झालंय. आज खरंच आलाय आणि माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावा असं मीच काही ठेवलेलं नाही.

म्हणून नीट वाच. हे तिला न नेण्याचं कारण नाही. मी शनिवारी येतोय. तीन महिने कामावर अर्धाच दिवस जाणार आहे, तसं मंजूर करून घेतलं. मी कामावर असेन तो अर्धा दिवस शेजारच्या बाई तिच्यापाशी बसणार आहेत. त्या निवृत्त नर्स आहेत, आणि त्यांना मी काल सर्दी नव्हती हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते.” हे सगळं वाचून तुला तिला माझ्याकडे पाठवायचा धीर झाला नाही, तर ते तुझं म्हणणं, मी वाद घालणार नाही. मग मीच तुझ्याकडे येऊन राहीन, तुझ्या घरात तिचं करीन. पण सत्तावीस तारीख हलवायची नाही. यावेळी नाही.

आता पुढचं आईला वाचून दाखव. हळू वाच, आणि भाऊजींना जरा बाहेर पाठव.

आई,

माझ्या नाकाला भिऊ नकोस. ते गेलं. पाच महिने मी ते सगळ्यांपासून लपवलं, तू चादरी लपवतेस तसंच. तू कपाटामागे सारलेलं मला कधीच सापडणार नाही, म्हणून तुलाच सांगावं लागणार. दर दोन तासांनी मी विचारीन. तोंडाने नको, मान हलवलीस तरी पुरे. चादर मी बदलीन. तोवर तू दुधाचा वास घेऊन सांग, नासलंय का. मला ते कळत नाही, परवा नासकंच प्यायलो. लाज वाटेल, आई. मलाही वाटते. अर्धी तू घे, अर्धी मी घेतो. पण ये.

तुझा,
ढब्बू