नवरदेवाची घोडी आणि माझं मनगट

आई,

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. बारावीच्या वर्षी माझे हात सुजायला लागले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली.
२. गोळीने सूज उतरली.
३. तू गोळी बंद केलीस.
४. मग लेप, काढे आणि पथ्य सुरू झालं. माझं उजवं मनगट आखडत गेलं. आता ते वाकत नाही.
५. तू वारलीस. त्याला दहा वर्षं होत आली.
६. येत्या रविवारी मावशीकडे, आरमोरीला, पाहुणे मला बघायला येत आहेत. वरचं काहीही त्यांना माहीत नाही.

इथपर्यंत माझं मत कुठेही नाही. ते आता सांगते.

गोळी का बंद झाली, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मावशीला सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं. औषधाच्या दुकानातला माणूस आपल्या नात्यातला होता. "गोळ्या खाणारी पोरगी म्हणून एकदा नाव झालं का मंग दारात कोणी उभं नाई राहात," असं तू म्हणालीस. तुझा आवाज अगदी साधा होता, धान कधी कापायचं हे ठरवताना असतो तसा. त्यानंतर मैत्रिणी आल्या की तू दारातूनच सांगायचीस, "ते अभ्यास करून राह्यली, नंतर या." मी आतल्या खोलीत दोन्ही हातांना हिरवा लेप लावून बसलेली असायचे. काही दिवसांनी त्या येईनाशा झाल्या. तुला तेच हवं होतं.

आणि जेवण. वांगं बंद, आंबट बंद, लाखोरीची डाळ बंद, रात्रीचा भात बंद. सगळं गाव भात खातं, आपल्या घरातही भाताचं पातेलं चुलीवर असतं, बाबांना तू वाढतेस, स्वतः घेतेस, आणि माझ्या ताटात ज्वारीची भाकरी. ती मला मोडता येत नाही. बोटं मिटतच नाहीत. मी ती दोन्ही मनगटांमध्ये दाबून तुकडा पाडायला बघते. तू समोर बसून बघत राहतेस आणि म्हणतेस, "हाताले काम पडू दे, मोकळे होतीन." बाबा मान वर करत नाहीत. तू हे मुद्दाम छळायला करत नव्हतीस. तुला खरंच वाटत होतं की हात असे मोकळे होतात. पण त्याने माझा राग कमी होत नाही.

तू गेल्यावर मी स्वतः जाऊन गोळी पुन्हा सुरू केली. डॉक्टर म्हणाले, गेलेला सांधा परत येणार नाही, राहिलेले सांभाळू. ते मी सांभाळते आहे. राजुऱ्याजवळ कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना दळायचा, तोलायचा, जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. सकाळी बोटं उघडायला वेळ लागतो, म्हणून लवकर उठून हात कोमट पाण्यात धरते. काही आठवडे वाईट जातात. बाकीचे चांगले जातात, आणि ते कसे जातात हे तुला कळावं असं मला वाटतं. त्यात तुझा काहीही हात नाही.

शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी माझी मैत्रीण आहे. बाटलीचं झाकण अडलं की ती न विचारता उघडते आणि आपल्या कामाला लागते. तिच्या घरी लग्नाच्या घोड्या आहेत. लग्नसराई संपली की घोडीला रोज फिरवावं लागतं, नाहीतर ती सुस्तावते. एका रविवारी मैत्रीण म्हणाली, "चाल, तुले बसवतो." मी म्हटलं, माझं मनगट वाकत नाही, लगाम ओढता येणार नाही, टांग मारून चढताही येणार नाही. ती हसली. "आमच्या घोडीवर आजवर कोणाले चढता आलं का? सारे नवरदेवच बसले."

ते खरं निघालं. ही घोडी ज्यांना बसता येत नाही त्यांच्यासाठीच तयार केलेली आहे. ओट्याला अंग लावून उभी राहते. पाठीवर पोत्यासारखं वजन पडलं तरी ते सावरेपर्यंत पाय हलवत नाही. मैत्रिणीच्या वडिलांनी लगामाला एक रुंद पट्टा शिवून दिला, तो मी कोपराजवळ अडकवते. डॉक्टरांना विचारलं. सूज असेल त्या दिवशी नाही, एवढीच अट त्यांनी घातली. आता सुट्टीच्या दिवशी मी ओट्यावर जाते तेव्हा मैत्रीण ओरडते, "या नवरदेव, वरात खोळंबली." आम्ही धानाच्या बांधाबांधाने नाल्यापर्यंत जातो. खाली चार पाय चालत असतात आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना काही करावं लागत नाही. उंचावरून शेत वेगळं दिसतं. मला ते आवडतं. याहून मोठं काही म्हणायचं नाही.

परत आलं की मैत्रिणीची आई जेवायला बसवते. झिंगे घालून केलेलं वांगं आणि वाफाळता भात, बाजूला अंबाडीची आंबट भाजी. तुझी सगळी मनाई एका ताटात. पहिल्यांदा मी थांबले तर काकू म्हणाल्या, "काऊन वं, आवडत नाई का?" मी म्हटलं, आई खाऊ देत नसे. त्या म्हणाल्या, "माय नाई ना आता? मंग खा." मैत्रीण ठसका लागेपर्यंत हसली आणि मीही हसले. दोनदा भात घेतला. दुसऱ्या दिवशी हात रोजच्याइतकेच आखडले होते. मी पुन्हा पुन्हा खाऊन पाहिलं आहे. वांग्याने माझं काही होत नाही.

मग दसऱ्याच्या आधी एक चूक झाली. आम्ही रस्त्याने परतत होतो आणि समोरून देवीची मिरवणूक आली. ढोल वाजला. घोडीला ढोल म्हणजे वरात. ती जागच्या जागी नाचायला लागली, मी वर. उतरता येईना, थांबवता येईना. पोरं गोळा झाली. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "नवरी तं आली, नवरदेव कुठी हाये?" मैत्रीण लगाम धरायचा सोडून मोबाईल धरून उभी. "पडलीस तं आधी सांग, बरं." मी पडले नाही. त्या व्हिडिओत मी तोंड उघडं टाकून हसते आहे. मी अशी हसते हे मलाही ठाऊक नव्हतं.

तो व्हिडिओ फिरत फिरत मावशीकडे गेला. मला वाटलं, रागावेल. ती खूश होती. "पोरी, तुह्या घोडीनं तं कामच केलं. मी लगेच पाहुण्याइले पाठवला. घोडीवर नाचते ते पोरगी, तिले संधिवात हाये म्हणून कोण म्हणन?" मी म्हटलं, मावशी, मला संधिवात आहे. ती म्हणाली, "हाये तं राहू दे ना. तुह्या मायनं जलमभर झाकलं, तू दोन घंटे नाई झाकू शकत? लांब बाह्यांचा ब्लाऊज घाल. चहाचा ट्रे मी आणतो."

म्हणजे माझ्या आयुष्यातली जी एक गोष्ट तुझ्या हाताबाहेरची होती, तीही आता तुझ्या कामाला लागली आहे. तू मेल्यावरसुद्धा.

मी बघायला येणाऱ्या मुलाला फोन करून सांगू शकले असते. केला नाही. मला हे सगळ्यांसमोर, मावशीच्या बैठकीत, मनगट पुढे धरून सांगायचं आहे. कोणती गोळी घेते, सकाळी किती वेळ लागतो, घोडीवर कशी बसते. त्यांना उठून जायचं असेल तर त्यांनी जावं. मनगट असं का झालं, हे ते विचारतील. तिथे मी अडते आहे.

चंद्रपूरला गोळी लिहून दिली त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं आणि तुला आत थांबवलं. तू बाहेर आलीस आणि बस लागली असेल म्हणून चल म्हणालीस. मला एवढंच विचारायचं आहे: गोळी बंद केली तर सांधा कायमचा जाईल, हे त्यांनी तुला सांगितलं होतं का? सांगितलं असेल, तर रविवारी मी लोकांना म्हणेन की आईला माहीत होतं. नसेल, तर म्हणेन की तिला माहीत नव्हतं. दोन्ही वाक्यं मी आरशासमोर म्हणून पाहिली. दुसरं म्हणताना आवाज सरळ राहतो.

हे पत्र कुठेही जाणार नाही. तरी, उत्तर "नाही" असावं, असं मला वाटतं.

शनिवार संध्याकाळपर्यंत कळव.