आटणाऱ्या पाण्यासाठी पंप

प्रिय समुद्रवेड्या,

आधी तुझ्या लाडक्यांची खबर देते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. दोन्ही जोकर मासे ठणठणीत आहेत. जांभळं प्रवाळ पुन्हा फुललंय. टाकीतलं पाणी तू काचेवर चिकटवलेल्या पट्टीला बरोबर टेकलंय, खारटपणाही तू सांगितलास तेवढाच आहे. झालं समाधान? आता निवांत बस आणि माझं ऐक. फोनवर हे जमत नाही. तू पुलाच्या कामावरून दमून फोन करतोस, मागे कसलंसं यंत्र घरघरत असतं, आणि तुझा पहिला प्रश्न असतो, पाणी किती आटलं? मग माझ्या ओठांवर आलेलं तिथेच राहतं. म्हणून हे पत्र.

तर, मी पंप घेतला. टाकीतलं पाणी आटलं की तेवढंच गोडं पाणी आपोआप घालणारा. का, ते तुला ठाऊक आहे. तू गेल्यापासून तुझ्याकडे यायचा विषय काढला की गाडी या टाकीपाशीच येऊन अडते. पाणी आटतं, मीठ मागे राहतं, दोन-चार दिवस कुणी बघितलं नाही तर सगळा खेळ खलास, हे तू इतक्या वेळा ऐकवलंयस की मी झोपेतही म्हणून दाखवेन. आणि ते खोटंही नाही. मी भावाच्या नव्या घरी राहायला गेले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मावशींनी मायेपोटी नळाची अख्खी बादली ओतली आणि तुझं हिरवं प्रवाळ गेलं. तू रागावलासुद्धा नाहीस. मला तर वाटलं होतं, चांगलं भांडून घ्यावं एकदा.

पंप निवडताना माझी जी फजिती झाली ती ऐक. दुकानदार म्हणाला, ताई, घ्यायचाच तर जोरदार घ्या, हां हां म्हणता टाकी भरेल. मी खूश. घरी आणला, पण बादली ठेवायची कुठे? टाकीखालच्या कपाटात तुझे कामावरचे जुने बूट, गुंडाळलेले नकाशे, मफलर. ते तू जसं टाकून गेलास तसंच होतं, माझा हातच धजावला नाही. मग शहाणीने बादली शेजारच्या पुस्तकांच्या फळीवर चढवली, टाकीच्याही वर, आणि नळी खाली पाण्यात सोडली. पंप सुरू झाला, पाणी पट्टीला टेकलं, सेन्सरने पंप बंदही केला. मी स्वतःवर खूश होऊन कपडे वाळत घालायला गेले. परत येते तर पंप गप्प आणि पाणी वाहतंच आहे! बादली वर, टाकी खाली, नळीतून एकदा धार लागली की तिला पंपाची गरजच काय? दारापर्यंत तळं साचलं होतं. मी नळी उपटली, तुझा निळा शर्ट हाताला लागला त्यानेच फरशी पुसली, वाटीवाटीने टाकीतलं पाणी काढून पुन्हा मिठाचं पाणी घातलं. मासे माझ्याकडे बघत होते. तोंडं तुझ्यासारखीच, नापसंतीची.

दुसऱ्या दिवशी माझ्या ड्यूटीवर डायलिसिसला आमचे नेहमीचे मास्तर आले होते. मशीन लावता लावता मी त्यांना हे रामायण सांगितलं. ते इतके हसले की त्यांचा दाब पुन्हा मोजावा लागला. मग शेजारच्या मशीनवरच्या फिरत्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाले, अगं, रोज आमचं रक्त फिरवतेस, आणि घरी बादलीभर पाणी फिरवता येईना तुला? इतकी वर्षं तेच तर हाताळतेय मी! नळी चिमटीत धरून पिळत पिळत पुढे सरकवणारं ते चाक. थांबलं तरी नळी एका जागी दाबलेलीच राहते, म्हणून धार लागून राहायची भीती नाही. त्याच तऱ्हेचा चिमुकला पंप टाकीसाठी मिळतो. जोरदार पंप परत केला तेव्हा दुकानदाराचं तोंड पडलं. हा फारच हळू आहे म्हणाला. मला हळूच हवा होता. उद्या सेन्सर बिघडला तरी घरात पूर यायच्या आत कुणाच्या तरी लक्षात येईल.

बादली अर्थातच खाली हवी होती. तेवढी उंची पंप पाणी चढवेल की नाही ते टेप लावून बघितलं आणि शेवटी ते कपाट रिकामं केलं. नकाशे माळ्यावर ठेवले. मफलर माझ्या उशाशी आहे. बुटांवर अजून तुझ्या जुन्या साइटची माती होती. ते मांडीवर घेऊन मी फरशीवर वेडीसारखी बसून राहिले. मला तुझी फार आठवण येते रे. जेवताना येते, कुलूप लावताना येते, पलंगाच्या तुझ्या बाजूला धुतलेले कपडे रचून ठेवते तेव्हा तर फारच.

मग परीक्षा घेतली. चांगले चार दिवस भावाकडे जाऊन राहिले. मावशींना ताकीद दिली, गोळ्यांच्या डबीत माशांच्या खाण्याची रोजची चिमूट भरून ठेवलीय तेवढी टाकायची, पाण्याला हात लावायचा नाही. परत आले तर पाणी पट्टीला टेकलेलं आणि बादली अर्धीसुद्धा रिकामी नाही. एकटीच टाळ्या पिटत नाचले. त्याच आनंदात फोनवर तुला सहज म्हटलं, पाणी घालणारा पंप मिळतो म्हणे. आणि तू म्हणालास, नको, पंपाचा काही भरवसा नसतो. कुठला, कसा, काही विचारलं नाहीस. एरवी स्क्रू घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालणारा तू! मी विषय बदलला, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ टाकीसमोर बसून राहिले.

म्हणून लिहितेय. टाकीची अडचण आता उरलेली नाही, तेव्हा तिला मध्ये न आणता मला सांग, मी तिथे आलेली हवीय का तुला? ये म्हणालास तर येत्या रविवारी निघते. खोली लहान असू दे, तू दिवसभर कामावर असलास तरी मला चालेल. नको असेन तर तसं सरळ लिही, मी समजून घ्यायचा प्रयत्न करेन. तुझे मासे मी निघाले तरी जगतील, राहिले तरी जगतील, तेवढी व्यवस्था मी केलीय. पण त्यांच्या नावाखाली मला इथे ठेवू नकोस.

अजूनही तुझीच,
मी