ढावलोपुढचं उदाहरण

मु. तांडा, जवळा बाजारजवळ

प्रिय दिपा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. घरी आपण आपल्या बोलीत बोलतो, पण लिहायला बसलो की माझा हात मराठीतच चालतो. चालवून घे.

आपल्या तांड्याच्या शब्दांचं पुस्तक पुन्हा छापायचं ठरलंय. पहिल्या खेपेला मी सगळं माझ्या मनानं मांडलं होतं. जो शब्द आधी आठवला तो आधी. आता तुझी वहिनी शितल कॉम्प्युटरवर बसते आणि मला शिस्त लावून राहिली. ती म्हणाली, बापू, सगळे शब्द अ-आ-इ-ई प्रमाणे लावू. मी म्हटलं, मग बळद आणि बाटी शेजारी येतील, बैल भाकर खाऊन टाकील. हसली, पण ऐकलं तिनं. आता चूल, जनावरं, लग्न असे भाग वेगळे, आणि भागाच्या आत क्रम बराबर. मथळ्यांवरून मात्र हरलो. 'लग्नात लागणारे आणि लग्नानंतर आठवत राहणारे शब्द' असा माझा मथळा होता. तिनं नुसतं 'लग्न' ठेवलं. शब्द ठळक, अर्थ साधा, उदाहरण तिरप्या अक्षरात. दिसायला छान दिसतं.

उदाहरणांवरून तुझ्या आईनं अजून मला सोडलेलं नाही. मिठाच्या शब्दापुढं मी तिची खारट भाजी लिहिली होती. "तुमाला दुसऱ्याची भाजी सापडली न्हाई? काहून माझीच छापली?" असं आल्यागेल्यासमोर विचारते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचं वाचणं कापसाच्या जिनिंगवर पोती वाहता वाहता, त्यांच्यावरचीच अक्षरं लावून शिकलो. मला एवढंच कळत होतं की उदाहरण बनवायचं नसतं, घडलेलंच लिहायचं असतं. म्हणून घरातलीच माणसं घातली. तुझ्या भावाचं, ओमप्रकाशचं, विहिरीत पडणं घातलं, माझी तंबाखू घातली.

आणि तुझं नाव ढावलोपुढं घातलं. 'सासरी निघताना लेकीनं एकेकाच्या गळ्यात पडून गात रडणं' हा अर्थ, आणि पुढं, 'दिपाने बापासाठी ढावलो केला नाही.' मला ते लिहिताना काही वाटलं नाही. तांड्यात सगळे तसंच म्हणायचे. मग वारंगा फाट्याला तुझ्या घरच्या बारशात तुझ्या सासूबाईंनी, भिकाबाईंनी, ते पान बायकांत वाचायला लावलं, "बघा गं, आमची सून पुस्तकात आली, बापानंच लिहिलं कोरड्या डोळ्याची म्हणून!" हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तुझा फोन आला. "बापू, तुमी तिथं होता का?" एवढंच विचारून तू ठेवलास. त्याला आठ महिने झाले. ना पंचमीला आलीस, ना दिवाळीला. तुझी आई दोन वेळा साडी आणून पेटीत ठेवून बसली.

आता या खेपेला शितलनं एक नवा नियम काढलाय. प्रत्येक उदाहरणाशेजारी समासात लिहायचं की हे कुणी पाहिलं. मी भराभर लिहीत गेलो. भाजी, मी. विहीर, मी. ढावलोपाशी आलो आणि पेन थांबला. तुझ्या आईला हाक मारली. ती परातीत पीठ मळत होती, मान वर न करता म्हणाली, "माझ्या गळ्यात पडून रडली, ओमच्या पडून रडली. मग तुमची पाळी आली. हात वर करून उभं होतं लेकरू. तुमी व्हता कुठं? मग गप झाली ती." बारा वर्षांत तिनं हे कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

मी टेम्पो बघायला गेलो होतो, असं सगळ्यांना सांगितलं. टेम्पो मांडवापुढंच उभा होता, दिपा. ड्रायव्हर नरसिंग चहा पीत होता. मी बैलांच्या गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो. तू गळ्यात पडली असतीस तर मला तुला पाठवणं झालं नसतं. वाक्य खोटं नव्हतं, पण तुला उघडं पाडून मी त्याच्या मागं लपलो.

सोमवारी पानं छापखान्यात जातात. नवं उदाहरण असं केलंय, 'दिपा ढावलोसाठी हात वर करून उभी होती, बाप वसराम तिथून पळून गेला.' समासात तुझ्या आईचं नाव लिहिलंय, पाहणारी रूपाबाई. तुला विचारल्याशिवाय मात्र छापणार नाही, मागच्या वेळी तीच चूक केली. राहू द्या म्हण, नाहीतर काढा म्हण. काढा म्हणालीस तर त्या शब्दापुढची जागा मी मोकळी ठेवीन. फोनवर नको वाटलं तर आईला सांग. नाहीतर ये आणि माझ्या तोंडावर सांग, मी या वेळी कुठं जाणार नाही.

तुझाच,
बापू